नाकासमोरच्या दहा खुर्च्या

"आज काय वाट्टेल ते करा, पण शिंकू नका," डबा हातात देता देता बायकोनं बजावलं.

"शिंक काय मी बोलावून आणतो?" सर म्हणाले, आणि तेवढं बोलतानाच त्यांचं नाक हुळहुळायला लागलं.

सर सहावीला विज्ञान शिकवत. मुलं पाठीमागे त्यांना 'फटाका सर' म्हणत, कारण सरांची शिंक कधी एकटी येत नसे. लड लागे. पहिली वाजली की वर्ग मनातल्या मनात मोजायला लागे, आणि लड लांबली तर मागच्या बाकावरून टाळ्याही पडत. खडूची पूड, पडद्यावरची धूळ, मोठ्या बाईंचं अत्तर, सरांच्या नाकाला कशाचंही वावडं होतं. विज्ञानाच्या माणसाचं नाक निसर्गाशी इतकं फटकून असावं याचं सगळ्या शाळेला नवल वाटे.

गेल्या वर्षीच्या विज्ञान मेळाव्यात तर कहरच झाला होता. संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला, डोळे मिटले, हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "आणि तेव्हा माझे वडील मला म्हणाले..." इथे सरांची लड लागली. ती संपेपर्यंत अध्यक्षांचा सूर गेला, सभागृहात खसखस पिकली, आणि वडील काय म्हणाले ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण सर अजून तात्पुरते होते. तीन वर्षं झाली, तरी तात्पुरतेच. शिक्षकांच्या खोलीत प्रत्येक कायम शिक्षकाची आपली खुर्ची होती, तिच्यावर आपली उशी होती, आणि त्या उशीवर दुसऱ्यानं बसलेलं खपत नसे. सर गैरहजर शिक्षकाच्या खुर्चीवर बसत. सगळे हजर असले की खिडकीपाशी उभे राहून चहा पीत आणि खिडकीबाहेर काहीतरी बघण्यासारखं आहे असा चेहरा करत. त्यात अध्यक्षांना एक भाचा होता. तो विज्ञानाचा पदवीधर होता आणि घरी रिकामा होता. रिकामा भाचा आणि तात्पुरता मास्तर एका संस्थेत आले की पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही. आज मेळावा आटोपला की कार्यकारिणी बसणार होती, आणि सर राहतात की जातात ते ठरणार होतं.

"तुमची नेहमीची गोळी घ्या आणि निघा," बायको म्हणाली.

नेहमीच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं होतं. सर ते उलटंपालटं करून बघत राहिले.

"मग आईची पिवळी गोळी देऊ का? गेल्या खेपेला विसरून गेलीय."

"ती जुनी गोळी आहे," सर म्हणाले. "ती मेंदूत शिरते. झोप येते तिनं."

"शिंकण्यापेक्षा झोप बरी. झोपेचा आवाज तरी होत नाही," बायको म्हणाली. सासूबाई दुपारी जेवण झाल्यावर कशा घोरतात हे सरांना ठाऊक होतं, पण ती बोलायची वेळ नव्हती. त्यांनी गोळी घेतली.

*

यंदाच्या मेळाव्यासाठी सरांनी एक नाटुकलं बसवलं होतं. विषय होता, ॲलर्जीची गोळी शरीरात करते तरी काय. रंगमंचावर पुठ्ठ्याचं माणसाएवढं उंच नाक उभं केलं होतं. आत एक स्टूल, एक माईक आणि झाडांना पाणी मारायचा एक हातपंप. नाकासमोर, पडद्याच्या अलीकडे, दहा खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एच-१.

"पेशीच्या अंगावर अशा खुर्च्या असतात असं समजा," सरांनी तालमीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "खऱ्या तर डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. धूळ नाकात गेली की शरीर घाबरतं आणि हिस्टामिन नावाचा पदार्थ सोडतं. तो येऊन या खुर्च्यांवर बसला, की झालं. नाक वाहतं, डोळे खाजतात, शिंका येतात. लाल टोप्यावाले म्हणजे हिस्टामिन. निळ्या टोप्यावाले म्हणजे औषध."

"औषध हिस्टामिनला मारतं का सर?" एका निळ्या टोपीनं बाह्या सरसावत विचारलं.

"मारत नाही. हातसुद्धा लावत नाही. नुसतं त्याच्या आधी जाऊन खुर्चीवर बसतं."

"आणि मग काय करतं?"

"काही नाही. बसून राहतं."

"माझ्या बाबांसारखं?"

"बाबांचं मला माहीत नाही," सर म्हणाले. "पण नुसतं बसणंसुद्धा सोपं नसतं. खुर्ची मोकळी असली तरी तिची आपली थोडी चुळबुळ चालूच असते. औषध असं दाबून बसतं की तिला चुळबुळसुद्धा करता येत नाही. हिस्टामिन येतं, फिरतं, कुरकुरतं, पण बसायला जागा नाही. मग नाक गप्प."

मॉनिटर निळ्यांची प्रमुख होती. दोन घट्ट वेण्या, आणि त्याहून घट्ट तत्त्वं. तिनं हात वर केला. "सर, या खुर्च्या फक्त नाकातच असतात?"

"छे. त्वचेत असतात, डोळ्यांत असतात, मेंदूतही असतात. मेंदूतल्या खुर्चीवर हिस्टामिन बसलं की माणूस जागा राहतो. जुन्या गोळ्या तिथेही जाऊन बसतात, म्हणून झोप येते. खुर्ची कुठल्या खोलीत आहे हे औषध विचारत नाही. एच-१ दिसली की बसायचं."

"एच-१ दिसली की बसायचं," मॉनिटरनं गंभीरपणे मान डोलावली.

पण तालमीत सगळा घोटाळा झाला. निळे स्वभावानं फार चांगले निघाले. लाल टोपी जवळ येऊन "जरा सरक ना" म्हणाली की निळी टोपी सरके. मोठ्या बाई दारातून डोकावल्या तर सगळं औषध एकदम उठून "नमस्ते बाई" म्हणे. मग सरांनी कंबर कसली. रोज तालमीत ते निळ्यांची परीक्षा घेत. "मोठ्या बाई आल्या!" म्हणून ओरडत. चॉकलेट दाखवत. पालकांना बोलावीन म्हणत. वर्गाबाहेर काढीन म्हणत.

"कोणीही येवो," ते बजावत. "मोठ्या बाई येवोत, अध्यक्ष येवोत, उठायचं नाही. घंटा वाजली की बसायचं, आणि मी स्वतः 'असर संपला' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. तुम्ही उठलात की लाल बसणार."

शेवटच्या तालमीत त्यांनी चॉकलेटचा आख्खा डबा उघडून समोर धरला, तरी एक निळी टोपी हलली नाही. सरांचे डोळे भरून आले. ते बघून मुलांना वाटलं की पुन्हा शिंक येतेय.

*

मेळाव्याच्या दिवशी मंडपवाल्यानं खुर्च्या कमी पाठवल्या. पुढच्या रांगेत पाहुण्यांना बसवायचं कशावर, हा प्रश्न शिपाईमामांना पडला. रंगमंचावर नाकासमोर दहा चांगल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या.

"पाहुणे आधी, नाक मागनं," शिपाईमामा स्वतःशीच म्हणाले, आणि दहाही खुर्च्या उचलून त्यांनी खाली पहिल्या रांगेत ओळीनं मांडल्या. पाठीवरचे कागद त्यांनी तसेच ठेवले. त्यांना वाटलं, पाहुण्यांचे नंबर असतील.

सर तेव्हा पडद्यामागे नाकाच्या आत होते. माईक चालू करून "हॅलो, हॅलो" म्हणून झालं होतं, आणि आता ते पंप दाबून बघत होते. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"गोळी घेतलीत ना?"

सरांनी आठवून बघितलं. काही आठवेना. सकाळपासून डोक्यात धुकं साचल्यासारखं झालं होतं. गोळी घेतल्याचं आठवत नव्हतं आणि ते न आठवण्याचं कारण गोळी घेतली हेच होतं, पण एवढा कार्यकारणभाव लावायला डोकं जागेवर लागतं. एक जास्तीची पिवळी गोळी बायकोनं डब्याच्या पिशवीत टाकलेली होती.

"आत्ता घेतो," म्हणून सरांनी ती घेतली, आणि पडद्यावरची धूळ खाली बसेपर्यंत जरा टेकावं म्हणून ते नाकातल्या स्टुलावर बसले. पंप चालवणारा मुलगा, ज्याला सगळे पंपवाला म्हणत, आपल्या जागेवर आला तर जागेवर सर. तो बाहेरच उभा राहिला. सर डोळे मिटून विचार करत असतील असं त्याला वाटलं. थोड्या वेळानं विचारांचा आवाज यायला लागला.

इकडे अध्यक्षांची गाडी फाटकात शिरली. मोठ्या बाईंनी शिपाईमामांना खूण केली, आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी शिपाईमामांनी घंटा वाजवली.

बाहेरच्या बोळात मॉनिटर आपल्या नऊ जणांना घेऊन उभी होती. घंटा ऐकताच ती सभागृहात शिरली आणि थबकली.

"खुर्च्या वर नाहीत," तिच्या मागची टोपी कुजबुजली.

मॉनिटरनं सगळीकडे नजर फिरवली. खाली, पहिल्या रांगेत, पाठीवर एच-१ लावलेल्या दहा खुर्च्या उभ्या होत्या.

"खुर्ची कुठल्या खोलीत आहे हे औषध विचारत नाही," ती म्हणाली. "चला."

अध्यक्ष, त्यांचा भाचा आणि कार्यकारिणीची मंडळी मोठ्या बाईंच्या मागोमाग आत आली, तेव्हा पहिली रांग भरलेली होती. दहा निळ्या टोप्या हाताची घडी घालून, पाय जुळवून, समोर बघत बसल्या होत्या.

"अरे, हे काय? उठा, उठा! पाहुणे आलेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"ऐकू येत नाही का? मी काय सांगतेय?"

"येतंय बाई," मॉनिटर समोरच बघत म्हणाली. "पण आम्हाला उठता येत नाही. आम्ही औषध आहोत."

मागे बसलेले पालक हसले. अध्यक्षही हसले, कारण त्यांना वाटलं ही स्वागताचीच काहीतरी नवी तऱ्हा असेल. पण हसून झालं तरी खुर्ची मिळेना, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"मी वर्गाबाहेर काढीन हं एकेकाला!" मोठ्या बाईंचा आवाज चढला.

"हे सर म्हणाले होते," कोपऱ्यातली टोपी शेजारच्या टोपीला म्हणाली.

"पालकांना बोलावीन!"

"हेही म्हणाले होते."

"पालक मागेच बसलेत बाई," तिसऱ्या टोपीनं माहिती पुरवली.

अध्यक्षांना वाटलं, मुलांशी गोडीनं वागावं. ते वाकले आणि सगळ्यात लहान निळ्या टोपीच्या गालाला हात लावून म्हणाले, "बाळ, तू शहाणा ना? मी तुला चॉकलेट देतो. मोठं. देतोस मला खुर्ची?"

बाळानं मॉनिटरकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे पाहिलं. मग खेदानं म्हणालं, "चॉकलेटचं तर सरांनी पाच वेळा करून बघितलं."

"कुठे आहेत तुमचे सर?" अध्यक्ष गरजले.

ते कुणालाच माहीत नव्हतं. सभागृहाच्या कर्ण्यांमधून मात्र मघापासून एक खर्रर्र, फूऽऽ असा आवाज येत होता. माईक बिघडलाय, असं पालक एकमेकांना सांगत होते.

एवढ्यात लाल टोप्या आत आल्या. निळे बसले की लालांनी येऊन जागा शोधत फिरायचं, हे त्यांना पाठ होतं. पाहुण्यांच्या भोवती फिरत त्या कुरकुरायला लागल्या, "बसायला जागा द्या हो, बसायला जागा!" लालांचा म्होरक्या मोठा काटेकोर पोरगा होता. बसायला जागा शोधत फिरणारी पाचसहा मोठी माणसं बघून त्याला काही शंका उरली नाही. त्यानं पिशवीतून जास्तीच्या टोप्या काढल्या.

"काका, टोपी घाला," तो भाच्याला म्हणाला.

"मी? मी कशाला?"

"ज्याला बसायला जागा नाही तो हिस्टामिन. सरांनी सांगितलंय."

भाच्यानं टोपी हातात घेतली. अध्यक्षांच्या डोक्यावर ती केव्हा आली हे त्यांना कळलंच नाही. छायाचित्रकाराला मात्र कळलं.

"अरे, तू विज्ञानवाला ना?" अध्यक्ष भाच्यावर खेकसले. "तूच उठव यांना! काहीतरी शास्त्रीय उपाय असेल की नाही?"

भाच्यानं घसा साफ केला. सगळ्या सभागृहाचे डोळे त्याच्याकडे लागले होते. तो गुडघ्यावर बसून मॉनिटरला म्हणाला, "हे बघ बेटा, औषध रक्तात गेलं की हिस्टामिन नष्ट होतं. बरोबर? आता हिस्टामिन संपलं. म्हणजे तुमचं कामही संपलं. उठा."

दहा निळ्या टोप्यांनी एकदम, तालासुरात सांगितलं, "चूऽऽक!"

"हिस्टामिन संपत नाही काका," मॉनिटर समजावून म्हणाली. "ते तिथेच फिरत असतं. तुमच्यासारखं."

हशा असा पिकला की मागच्या भिंतीवरचं घड्याळ हललं म्हणतात. भाच्याच्या कानाच्या पाळ्या टोपीच्या रंगाच्या झाल्या. रागाच्या भरात त्यानं एका निळ्या टोपीच्या बगलेत हात घालून तिला वर उचललं. टोपी उचलली गेली, पण खुर्चीला दोन्ही हातांनी धरल्यामुळे खुर्चीही वर आली. त्यानं दोन्ही खाली ठेवल्या.

"पुष्कळ लाल एकदम आले तर आमच्यातले काही उठतात," मॉनिटरनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. "पण आम्ही चांगल्यातली गोळी आहोत."

मोठ्या बाईंच्या लक्षात आलं की आता हे आपल्या हाताबाहेर गेलं. हा आवाज कसला, हे तरी बघावं म्हणून त्या रंगमंचावर चढल्या आणि पडदा बाजूला केला. मधोमध ते भलंमोठं नाक उभं होतं, आणि ते घोरत होतं. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे कोण घोरतंय?" बाईंनी पंपवाल्याला विचारलं.

"सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही," पंपवाला म्हणाला, आणि ते खरं होतं.

बाईंनी नाकपुडीतून डोकं आत घातलं. "अहो सर! उठा! काय हे?"

आणि मग कर्ण्यांमधून, झोपेनं जड झालेला, पण स्पष्ट आवाज सभागृहभर पसरला.

"अगं, झोपू दे ना गं..."

मोठ्या बाईंना त्यांच्या सबंध नोकरीत कुणी 'अगं' म्हटलं नव्हतं.

"नाही शिंकलो मी आज," आवाज पुढे म्हणाला. "एकदाही नाही. शिंकलो असतो तर अध्यक्षांना आयतंच कारण मिळालं असतं. माझ्या जागी भाच्याला बसवायचंय त्यांना... जाऊ दे. नोकरी काय, दुसरी बघू. पण ही पोरं सोडून जायचं जिवावर येतं गं. गुणी आहेत फार. डबाभर चॉकलेट दाखवलं तरी उठली नाहीत."

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या रांगेतून एका आईनं मोठ्यानं विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षी हे सर नाहीत?" कार्यकारिणीतली मंडळी छताकडे बघायला लागली. अध्यक्ष लाल टोपी घालून मधोमध उभे होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्या टोपीवर होत्या.

बाईंनी शेवटी सरांच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. सर जागे झाले, काहीतरी घडलंय एवढं त्यांना उमगलं, आणि ते घाईघाईनं डाव्या नाकपुडीतून बाहेर आले. समोरचं दृश्य बघून त्यांची झोप साफ उडाली. पहिल्या रांगेत औषध, समोर ताटकळलेली कार्यकारिणी, आणि अध्यक्षांच्या डोक्यावर हिस्टामिन.

"असर संपला!" सर किंचाळले. "असर संपला! उठा, उठा सगळे!"

एकही निळी टोपी उठली नाही.

सर दोन्ही हात हलवत ओरडले, "अरे, मी सांगतोय! मी! असर संपला!"

"नाही सर," मॉनिटर म्हणाली. तिची हनुवटी थरथरत होती, पण हाताची घडी सुटली नव्हती. "संपला नाही. तुम्हीच शिकवलंय. आम्ही उठलो की लाल बसणार." आणि तिनं भाच्याकडे बोट केलं.

तिच्या शेजारचं ते लहानगं बाळ रडायला लागलं, पण रडतानाही खुर्ची सोडून हललं नाही. सर रंगमंचाच्या कडेला तसेच खाली बसले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. त्यांचं नाकही वाहायला लागलं होतं, आणि त्यावर त्या पिवळ्या गोळीचा काही इलाज नव्हता.

अध्यक्ष कसलेले गृहस्थ होते. चार निवडणुका लढवून त्यांना एक गोष्ट नक्की कळली होती, की सभागृह कुठल्या बाजूला आहे हे आधी बघावं आणि आपली तत्त्वं मग आठवावीत. त्यांनी मागे वळून पालकांकडे पाहिलं. बहुतेक पालक उभे राहिले होते, आणि ते स्वागतासाठी नव्हतं.

"कोण म्हणतं सर जाणार?" अध्यक्ष आवाज चढवून म्हणाले. "कुणी उठवली ही आवई? अहो, आमचा घरचा कुत्रासुद्धा माझं ऐकत नाही. आणि हा माणूस झोपलेला असताना त्याचा वर्ग त्याचं ऐकतो! असा शिक्षक सोडायला आम्ही काय दुधखुळे आहोत? सर आजपासून कायम. काय हो?"

कार्यकारिणीनं छतावरून नजर काढून माना डोलावल्या. भाच्यानं हळूच टोपी काढून खिशात घातली.

टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी मॉनिटर उठली नाही. तिनं मान वळवून सरांकडे पाहिलं. "सर, आता?"

"आता असर संपला," सर म्हणाले.

दहाही टोप्या एकदम उठल्या, वळल्या, आणि म्हणाल्या, "नमस्ते बाई!"

अध्यक्ष सुटकेचा निश्वास टाकून पहिल्या खुर्चीवर टेकले. पाय अगदी भरून आले होते. पण सभागृह आता आपल्या बाजूला आहे हे त्यांनी ओळखलं, आणि अशी वेळ वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी माईक मागवला.

"बसूनच बोलतो," ते म्हणाले. "गेल्या वर्षी एक गोष्ट अर्धवट राहिली होती. ती आज पुरी करतो." त्यांनी आवाज खाली आणला, डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. "तर तेव्हा माझे वडील मला म्हणाले..."

पंपवाल्याला आपली जागा नुकतीच परत मिळाली होती. आत बसून त्यानं नाकपुडीतून बाहेर पाहिलं. समोर एच-१ खुर्ची होती, आणि तिच्यावर लाल टोपी बसली होती. अशा वेळी काय करायचं ते त्याला महिनाभर पढवलेलं होतं. त्यानं माईकमध्ये "आऽऽक छी!" केलं आणि सगळा जोर लावून पंप दाबला.

*

सरांना खुर्ची मिळाली. कायमची. शिपाईमामांनी ती शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवली, खिडकीपाशीच, कारण सरांना खिडकी आवडते असा सगळ्यांचा समज झाला होता. बायकोनं उशी शिवून दिली. पाठीवरचा एच-१ चा कागद मात्र सरांनी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष अचानक शाळेत आले. मधली सुट्टी होती, सगळे शिक्षक हजर होते, आणि खोलीत एकही खुर्ची रिकामी नव्हती. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. तीन वर्षांची सवय. सर चहाचा कप हातात घेऊन चटकन अर्धे उठले.

तेवढ्यात दारात हजेरीपट घेऊन मॉनिटर उभी दिसली. तिनं फक्त सरांकडे पाहिलं.

सर खाली बसले. चांगले दाबून बसले.

"बसा, बसा," अध्यक्ष गडबडीनं म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर काहीतरी बघायला लागले.